वाद्य हाती घेताना

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी बँड पथकाविषयी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले. मी इतिहासाचा शिक्षक. संगीताची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु निवासी शाळेत शिक्षक केवळ आपल्या विषयापुरता राहत नाही. सायंकाळी पाचनंतर जो आवारात असतो, त्याच्याकडे मैदान येते, भोजनगृह येते, तापाने फणफणलेले मूल येते. तसेच माझ्याकडे बँड पथक आले. सैन्यातून निवृत्त झालेले एक बँडवादक आठवड्यातून दोन दिवस येऊन वादन शिकवीत. उरलेल्या दिवशी सराव घेणे माझे काम. पाचवी ते आठवीच्या मुलामुलींना स्पर्धेसाठी तयार करताना जे उमगले, ते येथे नोंदवीत आहे.

प्रथम एक ऐतिहासिक संदर्भ. दि. २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्या दिवशीच्या मिरवणुकीचे वर्णन धनंजय कीर यांच्या आंबेडकर चरित्रात आहे. चार-चारच्या रांगांत निघालेल्या त्या मिरवणुकीच्या अग्रभागी लष्करी धून वाजविणारा बँड होता, त्यामागे स्काउटांची तुकडी आणि त्यामागे शेकडो स्त्रिया होत्या. वर्गात हा भाग शिकविताना मी नेहमी तेथे थांबतो. देवळाचे दार बंद होते. पण दारापर्यंत जाणारे लोक गयावया करीत गेले नाहीत, तालावर पावले टाकीत गेले. आपल्या जिल्ह्यातील शाळेच्या बँड पथकाला याहून मोठी परंपरा कोणती हवी?

तरीही वाद्य हा विषय आपल्या समाजात सरळ नाही. गावगाड्यात वाजविण्याचे काम काही जातींच्या माथी मारलेले होते. पालखीपुढे वाजवायचे, मोठ्यांच्या लग्नात वाजवायचे आणि पंगत उठल्यावर उरलेले अन्न घेऊन घरी जायचे. बाबासाहेबांच्या चळवळीने अशी हीन मानलेली कामे सोडायला शिकविले आणि अनेक घरांनी हलगी खुंटीवर टांगली ती कायमची.

म्हणूनच सहावीतील एका मुलाचे आजोबा एके दिवशी थेट सराव चालू असतानाच मैदानावर आले, तेव्हा त्यांचा राग मला परका वाटला नाही. नातवाच्या गळ्यात साइड ड्रम होता.

"जय भीम, गुरुजी. आम्ही हलगी खाली ठिवली ती बाबासाहेबांचं ऐकून. आता तुम्ही नातवाच्या गळ्यात पुन्हा चामडं बांधता का?"

"बाबा, जय भीम. बसा आधी," मी म्हणालो. "हा वाजवणार आहे स्वतःच्या शाळेसाठी. समोर परीक्षक बसणार, कान देऊन ऐकणार, आणि कागदावर गुण लिहिणार."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमचं कुणी ऐकलं न्हाई. आमच्या तालावर नाचले निस्ते."

मी त्या मुलाची वही त्यांना दाखविली. तिच्यात देवनागरीत स्वर आणि खाली मात्रा मांडल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हते. परंतु जे आपण केवळ कानाने आणि माराने शिकलो, ते नातू लिहून शिकतो आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. सराव संपेपर्यंत ते बसून राहिले. उठताना नातवाला इतकेच म्हणाले, "मनगट सैल सोड. दंडानं मारू नको." मुलगा पथकात राहिला.

वहीतल्या त्या स्वरलिपीलाही इतिहास आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचे महाराज झाले. त्यांच्या आश्रयाने १८८६ मध्ये मौलाबक्ष यांनी बडोद्यात गायनशाळा सुरू केली आणि स्वतःच्या स्वरलिपीने सार्वजनिक शिक्षणाची वाट घातली. पुढे १९१३ मध्ये याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. विद्या लिहून ठेवली, की ती घराण्याची किंवा जातीची राहत नाही. जो वाचू शकेल त्याची होते.

आता तयारीविषयी. स्पर्धेपूर्वी किमान तीन महिने हवेत. त्यातले पहिले तीन आठवडे आम्ही वाद्यांना हातच लावत नसू. मुले टाळी वाजवून मात्रा मोजत, तोंडाने बोल म्हणत आणि जागच्या जागी पावले टाकत. ड्रमवाल्यांचा सराव सायकलच्या जुन्या टायरवर. टायरवर काठी नीट उसळली, की ड्रमवर ती आपोआप नीट पडते. शिवाय वसतिगृहातील बाकीच्यांची झोपही शाबूत राहते. संचलनाची गती मिनिटाला सुमारे १२० पावले. मुलांना ती घड्याळासमोर शिकवावी लागते. कारण उत्साहात गती वाढते आणि वाढलेली गती वाजविणाऱ्याला स्वतःला कळत नाही. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे. पहिल्या सरावात आमची मुले ते केव्हाच उरकून मोकळी होत. घड्याळ दाखविले, की लाजून हसत.

वाद्य कोणाला द्यायचे, हा पुढचा प्रश्न. या वयात उंची, दात, श्वास, सारेच बदलत असते. पुढचे दात नीट आलेले नसतील तर ट्रम्पेट किंवा बिगुल फुंकणे अवघड जाते. अशा मुलाला झांज किंवा ट्रँगल द्यावा आणि वर्षभराने पुन्हा विचारावे. बेस ड्रम दांडग्या मुलाला देण्याची प्रथा आहे. आमच्याकडे तो दोन वर्षे एका सडपातळ मुलीने वाजविला, कारण साऱ्या पथकात तिचाच ठोका सर्वांत स्थिर होता. राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत आज ब्रास आणि पाइप अशा दोन्ही प्रकारांत मुलींचे स्वतंत्र गट असतात, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

धून निवडताना लोभ आवरावा लागतो. अवघड धून अडखळत वाजविण्यापेक्षा सोपी धून एकसंध वाजविलेली परीक्षकांना अधिक भावते. मुलांना हे पटत नाही. त्यांना सिनेमातले गाणे हवे असते. ते आम्ही स्नेहसंमेलनासाठी राखून ठेवत असू.

निफाड तालुक्यातील थंडी वाचकांना सांगायला नको. स्पर्धा बहुधा डिसेंबर-जानेवारीत असतात. गारठ्यात पितळी वाद्यांचा स्वर उतरतो, ओठ बधिर होतात. तेव्हा वाजविण्यापूर्वी काही मिनिटे वाद्यात नुसती उबदार फुंकर घालायची आणि मुखनळी मुठीत धरून ठेवायची. कातडी ड्रमची तऱ्हा निराळी: हवा दमट असेल तर कातडे सैल पडते, कोरडी असेल तर ताणते. स्पर्धेच्या गावी पोहोचल्यावर पहिले काम चहा नव्हे, वाद्ये तपासणे.

कातडे ताणताना मला भगवान बुद्ध आणि सोण यांचा संवाद आठवतो. सोण अतिशय कठोर साधना करीत होता, तरी चित्त शांत होईना. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तार फार ताणली तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडली तर वाजते का? असे बुद्धांनी त्याला विचारले आणि प्रयत्नही तसाच सम असावा, हे समजाविले. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना स्पर्धेला नेणाऱ्याने हे सुत्त जवळ बाळगावे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी आम्ही सराव अर्ध्या तासावर आणत असू. जे तीन महिन्यांत बसले नाही, ते एका रात्रीत बसत नाही. थकलेले ओठ मात्र निश्चित दगा देतात.

दोन आठवडे आधी आम्ही शाळेतच रंगीत तालीम घेत असू. स्वयंपाकघरातील मावशी, लिपिक आणि गणिताचे शिक्षक परीक्षक होत. त्यांच्यापुढे गुणपत्रक: स्वर, ताल, संचलन, गणवेश, शिस्त. मावशींचे निरीक्षण सर्वांत तीक्ष्ण असे. "मागच्या रांगेतली पोरं आपल्या पायाकडं बघतात," हे त्यांनीच प्रथम सांगितले.

एका स्पर्धेच्या ठिकाणी आमचे पथक प्रवेशद्वारापाशी उभे होते. व्यवस्थेतील एका गृहस्थांनी गणवेशाकडे न पाहता वाद्यांकडे पाहिले आणि "वाजंत्र्यांनी मागच्या बाजूला थांबावे" असे फर्मावले. मी पुढे होण्यापूर्वीच आमच्या पथकप्रमुख मुलीने खिशातून प्रवेशपत्र काढून त्यांच्यापुढे धरले. "आम्ही स्पर्धक आहोत. आमचा क्रमांक सात." तिचा आवाज चढला नव्हता. गृहस्थांनी कागद वाचला आणि वाट दिली. त्या मुलांच्या आजोबांना हातात धरायला असा कागद नव्हता. गुणपत्रकावर फक्त क्रमांक असतो; गाव, वस्ती, आडनाव नसते. परीक्षकांचा निर्णय नेहमीच बिनचूक असतो असे नाही, परंतु तो सर्वांना एकाच कागदावर मोजतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून मोजले गेले, त्यांच्या मुलांना ही मोजणी भीतिदायक वाटू नये, उलट हक्काची वाटावी, हाच माझ्या मते स्पर्धेचा खरा लाभ.

त्या वर्षी आम्हाला उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले. बसमध्ये दोघे-तिघे रडत होते. विद्यालयात परतल्यावर आधी परीक्षकांचा शेरा मोठ्याने वाचून दाखविला: शेवटच्या भागात गती वाढते, मधल्या रांगेचे अंतर सुटते, बेस ड्रम उत्तम. मग विचारले, "यातले खोटे काय?" कोणी हात वर केला नाही. दुसऱ्या दिवसापासून घड्याळ पुन्हा मैदानावर आले. पुढच्या वर्षी गतीविषयी शेरा आला नाही.

दरवर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीकडे जाणारे लोक आपल्या विंचूरवरून जातात. १९३५ मध्ये त्याच दिवशी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या दिवशी आपल्या पथकाची धून वाजते, तेव्हा रस्त्यावरची माणसे पाऊल जुळवून चालू लागतात.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून थांबतो. देणगी जरूर द्या. ड्रमची कातडी आणि गणवेश दरवर्षी लागतात. पण त्याबरोबर नोव्हेंबरमधील एक सायंकाळही द्या. मैदानावर खुर्ची टाकून परीक्षक म्हणून बसा, नीट ऐका, गुण लिहा आणि जे चुकले ते स्पष्ट सांगा. आपल्याच शाळेत शिकून मोठा झालेला माणूस आपले ऐकायला आला आहे, हे मुलांना दिसू द्या.

नमो बुद्धाय. जय भीम.