चिखलीची पोरं, वाळूजचे पार्ट

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गाड्यांचा कारखाना कधी आला नाही. पण 1985 मध्ये बजाज ऑटोने औरंगाबादजवळच्या वाळूजला कारखाना सुरू केला आणि चिखली, मेहकर, देऊळगाव राजाकडची आयटीआय झालेली पोरं पत्र्याची पेटी घेऊन औरंगाबादच्या एसटीत चढू लागली. मीही त्यांतलाच, टर्नर.

तेव्हा कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपचा मालक स्वतः लेथवर उभा राहायचा. बुशचं भोक केसभर मोठं झालं, की अख्खा लॉट परत. पण चलनामागोमाग कंपनीचा क्वालिटीवाला साहेबही शेडमध्ये यायचा. गेज घालून बघायचा. गो बाजू जायची ती जायची, जी आत जाता कामा नये ती नो-गोही सर्रकन आत जायची. मग मशीनकडे वाकायचा. “शेठ, बोअरिंग बार एवढा बाहेर काढलात तर थरथरणारच.” बार आत घेतला जायचा, पुढचा पीस पास. आमचं खरं शिक्षण ते. आयटीआयत नुसती सुरुवात झाली होती.

2001 मध्ये शेंद्र्याला स्कोडा आली, 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगन. या कंपन्यांसोबत त्यांचे नेहमीचे परदेशी पुरवठादारही आले, आणि आमच्यासारखी वर्कशॉपं पुरवठादाराची पुरवठादार झाली. खोट पूर्वी शेकड्यात मोजायचो, आता दहा लाखांत मोजतात. शेडमध्ये उजेड आला, ग्राइंडरवरच्या पोराच्या डोळ्यांवर सेफ्टी चष्मा आला. याचा मला मनापासून आनंद आहे. पण माल नापास झाला तर आता पोर्टलवर फोटो येतो आणि आपण आठ टप्प्यांचा अहवाल भरून पाठवायचा. माणूस येत नाही. ड्रॉइंग बाहेरून पक्कं होऊन येतं. त्यातली एक रेघ बदलायची तर इथल्या इंजिनिअरलाही वर विचारावं लागतं.

पार्ट बनवणारी एन्ड्युरन्स कंपनी 1985 मध्येच औरंगाबादेत दोन डायकास्टिंग मशीनवर सुरू झाली. आज तिचे कारखाने इटली-जर्मनीत आहेत. गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर होतं, म्हणून अशी झेप घेता आली, असं मला ठाम वाटतं.

जुलै 2024 मध्ये टोयोटाने छत्रपती संभाजीनगरसाठी, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादसाठी, राज्य सरकारशी सुमारे 20 हजार कोटींचा सामंजस्य करार केला. समृद्धी महामार्गाने सिंदखेड राजाहून तिकडे जाणं आता सोपं झालंय. नोकऱ्यांचा आकडा जाहीर झाला, ठीकच. टोयोटा इथल्या किती वर्कशॉपवाल्यांना ड्रॉइंगच्या टेबलाशी बसवणार, हेही सरकारने विचारावं.