आधी तहकीक, मग बोलणं

दर्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत आमची नौका मिरकरवाड्यात शाकारलेली असते. जुलैअखेरीस ती पाण्यात उतरवली, इंजिन अर्धा तास चालवून पाहिलं आणि आम्ही तिघे भाऊ निश्चिंत झालो. दोन दिवसांनी डिपस्टिक ओढली तर ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा! वर पातळीही बोटभर वाढलेली. ऑइल पिणारं इंजिन ऑइल वाढवतं कसं? उत्तर एकच होतं, आत पाणी गेलं होतं.

आम्ही पहिलं काम केलं ते म्हणजे दोषी ठरवला. इंजिन सांभाळणारे चाचा अब्बांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत. पावसाळ्यात इंजिनवर ताडपत्री घालणं, ऑइलचं झाकण बंद ठेवणं हे त्यांचं काम. "झाकण उघडं राहिलं, पावसाचं पाणी गेलं," असं आम्ही धक्क्यावर चारचौघांत बोललो आणि वर सांगितलं, "उद्यापासून येऊ नका." चाचा काहीच बोलले नाहीत. डबा उचलून घरी गेले.

रात्री अम्मीच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "पाणी कुठून आलं ते बघितलंत का रे? सूरह हुजुरात दर रमजानात वाचता ना? तहकीक न करता एखाद्यावर आळ घेऊ नये, हे त्यातच आहे ना?"

आम्ही गप्प झालो. सकाळी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी बजावलं, "स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकेल." मग ऑइल चेंबरचा खालचा बोल्ट हळूच सैल केला. पाणी ऑइलपेक्षा जड, रात्रभर उभ्या इंजिनात ते तळाला बसतं. आधी पेलाभर पाणीच आलं, मागून दुधट ऑइल.

त्यातलं थोडं पाणी त्यांनी स्टीलच्या चमच्यात घेऊन आटवलं. चमच्यात पांढरा थर राहिला. मीठ! पावसाच्या पाण्यात मीठ कुठलं? आमच्या तोंडचं पाणीच पळालं. चाचांवरचा आळ एका चमच्यात खोटा ठरला होता.

कूलंटच्या टाकीतली पातळी जशीच्या तशी होती, म्हणजे हेड गॅस्केटवर संशय घ्यायचं कारण नव्हतं. पाणी समुद्राचंच होतं. आमच्या इंजिनात खारं पाणी आणि ऑइल जवळ येतात ते दोनच ठिकाणी, खाऱ्या पाण्याच्या पंपाच्या सीलपाशी आणि ऑइल कूलरमध्ये. पंपाखालचं गळतीचं भोक कोरडं होतं. कूलर काढला, ऑइलच्या बाजूने हवा भरली आणि बादलीत बुडवला. एका नळीच्या तोंडातून बुडबुडे आले.

इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त, म्हणून ऑइल पाण्यात जातं. बंद झालं की पाणी ऑइलमध्ये शिरतं. चाचणीच्या दिवशी पाण्यावर रंगीत तवंग दिसला होता, असं खलाशी पोरगा आता म्हणाला. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

नळी का सडली? कूलरमध्ये झिंकची कांडी असते. खारं पाणी आधी तिला खातं, म्हणून नळ्या वाचतात. आमच्या कूलरमध्ये कांडी उरलीच नव्हती, नुसता पितळी बूच होता. आणि गेल्या वर्षी चाचांनी नवीन कांडी मागितली तेव्हा, "पुढच्या सीझनला बघू," असं म्हणणारे आम्हीच होतो.

नोझल काढून इंजिन हाताने फिरवलं. सिलिंडर कोरडे निघाले, अलहम्दुलिल्लाह. नवा कूलर बसवला. स्वस्त ऑइल भरून, थोडा वेळ चालवून काढायचं, असं फिल्टरसकट तीनदा केलं, तेव्हा कुठे ऑइल स्वच्छ राहिलं. खारं पाणी बेअरिंगला लवकर गंज चढवतं, म्हणून यात दिरंगाई चालत नाही. तरी सीझनचा पहिला आठवडा आमच्या हातून गेलाच.

जुम्याच्या नमाजनंतर आम्ही तिघे चाचांच्या घरी गेलो. ज्या धक्क्यावर बोललो होतो, तिथेच चारचौघांत माफी मागू, असं म्हणालो. चाचा हसले. "माफी अल्लाहकडे मागा. मला झिंक आणून द्या."

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर आम्ही माफी मागितली आणि झिंकही आणून दिलं. आता नौकेवर एक वही आहे. रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी ऑइलची पातळी आणि रंग तिच्यात लिहायचा. ती वही चाचांकडे असते, पण सही आम्हाला करावी लागते.