सोड तिका!

पेडण्याहून किरणपाणीला गेलो की मामा रात्री गरवायला न्यायचा. धक्क्यावरून होडी, मग तेरेखोल नदीच्या खारफुटीतला अरुंद फाटा. भरतीशिवाय तिथे शिरताच येत नाही आणि ओहोटी लागली की पुढच्या भरतीपर्यंत चिखलात अडकलात!

गेल्या मे महिन्यात माझ्या गरीला पहिल्यांदाच मोठी चोणक लागली. दोरीने बोट कापलं, तरी सोडली नाही. बॅटरीच्या उजेडात तिचे डोळे निखाऱ्यासारखे चमकले. घरी आजीने वाटप करून ठेवलं होतं. मी तर मनातल्या मनात मित्रांना फोटोही पाठवला होता.

मामा म्हणाला, "सोड तिका."

सोडली, पण राग आला. परतताना त्याने समजावलं. चोणक म्हणजे अलिबागकडचा जिताडा. तो आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. म्हणून मोठी चोणक बहुधा मादीच. पावसाळ्याच्या सुमारास ती नदीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात जाऊन लाखो अंडी घालते.

"तीच खाल्ली तर तुझ्या पोरांनी काय गरवायचं?"

त्या रात्री वाटपात कोंबडीची अंडी पडली. आजी काही बोलली नाही. मामाच्या ताटात मात्र एक अंडं जास्त होतं.