पाण्याची पाळी

रात्रीचे दोन वाजले की आबा उठून बसतात आणि अंधारात चाचपडत बॅटरी शोधतात. "आरं ऊठ, पाळी आलीया. दारं धराया कोण जायाचं?"

आमच्या रानाला कालव्याचे पाणी पाळीने मिळे. ते रान 2014 साली विकले गेले. झोपमोड झाल्याच्या रागात मी एकदा ओरडलो, "आबा, रान इकलं आपण!" आबा माझ्या तोंडाकडे पाहत राहिले आणि लहान मुलासारखे रडू लागले. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. मला वाटे, मी खरे तेच सांगतो आहे. पण आबांच्या लेखी रान रोज नव्याने विकले जात होते आणि विकणारा मीच होतो!

गल्लीत म्हणत, "साठी बुद्धी नाठी." तालुक्याच्या डॉक्टरांनी मात्र आधी रक्त तपासले. थायरॉईडच्या दोषाने किंवा ब-12 जीवनसत्त्व कमी पडल्यानेही विसर पडतो आणि तो औषधाने सुधारू शकतो. आबांचे तसे नव्हते. पुढच्या तपासण्यांत अल्झायमर निघाला. अलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी 1906 साली हा आजार प्रथम मांडला. नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग यात लवकर झिजतो. म्हणून सकाळची भाकरी आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीची पाळी आठवते.

डॉक्टर म्हणाले, "त्यांची परीक्षा घेऊ नका. त्यांना कसली काळजी लागली आहे, ते बघा."

आता मी म्हणतो, "आबा, आज पाट बंद हाय. पाटकऱ्याचा निरोप आलाय." "मग बरं झालं," म्हणून आबा पांघरूण ओढतात. 'नेहमी खरे बोलावे' हा सुविचार शाळेच्या फळ्यावर मी कितीदा लिहिला असेल! पण ज्या खऱ्याने म्हातारा जीव रोज रडतो, ते कोणाच्या उपयोगाचे?

घरात रात्रभर एक छोटा दिवा असतो. आबांच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी असते. पण आईकडे आमचे लक्षच नव्हते. रात्रभर जागून खुरपायला जाणारी आई एके दिवशी बांधावर चक्कर येऊन पडली, तेव्हा डोळे उघडले. आता वडिलांनी आणि मी रात्री वाटून घेतल्या आहेत. आमच्या घरात पुन्हा पाळी आली, जागण्याची.

काल आबांनी विचारले, "तू कुणाचा रं?" मी नाव सांगितले. ओळख पटली नाही. तरी म्हणाले, "बस जरा, पाणी येईस्तोवर."

मी पुस्तक मिटले आणि त्यांच्याजवळ बसलो.