सुटलेला चेंडू

गेली पंधरा-सोळा वर्षं आम्ही मोहल्ल्यातल्या पोरांच्या फुटबॉल संघाचे मॅनेजर आहोत. नाव मोठं असलं तरी काम साधंच. स्पर्धेचे फॉर्म भरायचे, पोरांचे जन्मदाखले गोळा करायचे, वर्गणी मागून बूट आणि जर्सी आणायची, सामन्याच्या दिवशी पाणी, लिंबू आणि बर्फ सांभाळायचा. शिवाय ज्या पोराचे अब्बा ‘खेळून पोट भरतं काय?’ म्हणून अडून बसलेत, त्यांच्या घरी जाऊन चहा प्यायचा आणि परवानगी मिळेपर्यंत उठायचं नाही.

आमचं कोल्हापूर फुटबॉलवेडं. इथल्या तालमींनी कुस्तीसारखाच फुटबॉललाही जीव लावला. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पेठेतली माणसं हातातली कामं टाकून निघतात आणि हरलेल्या संघाच्या पोरांना चार दिवस गल्लीतून मान वर करून चालता येत नाही. ही ईर्ष्या खेळाला रंग आणते, हे खरं. पण तिचा भार सोळा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर किती पडतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ते कसं कळलं, हेच आज वाचकांना सांगायचं आहे.

तीन वर्षांपूर्वी आमची पोरं सोळा वर्षांखालच्या एका स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोचली. आमच्या मॅनेजरकीत असा दिवस पहिल्यांदाच उगवला होता. अर्धा मोहल्ला मैदानावर आला होता. सामना संपायला दोन-तीन मिनिटं उरली असताना समोरच्या पोरानं लांबून एक साधा फटका मारला. चेंडू सरपटत आला. आमचा गोलकीपर वाकला आणि चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधून आत गेला. एक-शून्य. थोड्याच वेळात शेवटची शिट्टी वाजली.

पोरं मैदानातच बसून रडत होती. आम्ही तडक गोलपाशी गेलो आणि सगळ्यांच्या देखत त्या पोराला म्हणालो, “तुला हातमोजे दिले, तिथंच आमचं चुकलं. उद्यापासून येऊ नकोस.”

तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी त्याची धाकटी बहीण आमच्या दारात आली आणि हातमोजे देऊन गेली. धुऊन, वाळवून, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले.

आम्ही ते कपाटात टाकले आणि विसरलो. पण मोहल्ला विसरला नव्हता. त्या गोलचा व्हिडिओ कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला होता आणि त्यात आमचा आवाजही होता. शाळेतली पोरं त्याला आमचंच वाक्य ऐकवून चिडवायची. दहावीचं वर्ष असताना तो शाळा चुकवायला लागला, एका गॅरेजवर जाऊन बसायला लागला. हे आम्हाला त्याच्या घरच्यांनी सांगितलं नाही. आमच्या बेगमनी बाजारातून ऐकून आणलं.

रात्री जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, “तुमची ती पेनल्टी चुकली होती, तेव्हा तुमच्या उस्तादांनी काय केलं होतं?”

हातातला घास हातातच राहिला.

आम्हीही एके काळी हाफबॅकला खेळायचो. पुढे गुडघा गेला आणि खेळ सुटला. पण त्याआधी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आमच्या पायातून एक पेनल्टी गोलच्या वरून गेली होती आणि संघ स्पर्धेतून बाहेर पडला होता. त्या संध्याकाळी उस्ताद आमच्याबरोबर चालत घरापर्यंत आले. वाटेत मगरिबची अजान झाली, मशिदीत नमाज पढलो, बाहेर टपरीवर चहा घेतला. पेनल्टीचा शब्दही त्यांनी काढला नाही. दुसऱ्या दिवशी सरावाला मात्र पहिली पेनल्टी आमच्याकडूनच मारून घेतली. त्या एका संध्याकाळीमुळं आम्ही पुढची सात वर्षं खेळलो. आणि तीच संध्याकाळ आमच्या हाताखालच्या पोराला देता आली नाही.

त्या रात्री आम्हाला अब्बांची आठवण झाली. अब्बा तरुणपणी मुंबईला गिरणीत होते. सुट्टी मिळाली की कूपरेजवर रोव्हर्स कपचे सामने बघायला जायचे. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं तो कप जिंकला. अब्बा त्या संघाचे किस्से सांगायचे आणि प्रत्येक किस्सा एकाच नावावर येऊन थांबायचा: रहीमसाहेब.

सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, पेशानं शाळामास्तर. सिटी पोलिसांचा संघ त्यांनी घडवला आणि १९५० पासून भारतीय संघाचीही जबाबदारी त्यांच्याकडे आली. अलीकडे त्यांच्यावर ‘मैदान’ हा सिनेमा आल्यामुळं नव्या पोरांनाही हे नाव माहीत झालं. मास्तरकी त्यांच्या कोचिंगमध्येही उतरली होती. ज्या पायानं नीट मारता येत नाही त्याच पायानं खेळायचं, अशा स्पर्धा ते भरवायचे. म्हणजे खेळाडूच्या कच्च्या बाजूवर ते रागवत बसत नसत, तिच्यावर काम करायला लावत.

रहीमसाहेबांचं नाव निघालं की लोकांना सुवर्णपदकं आठवतात. १९५१ साली दिल्लीत भारतानं इराणला १-० असं हरवून आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा कोच तेच होते. पण आम्हाला त्या रात्री आठवला तो पुढच्याच वर्षीचा पराभव. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियानं भारताला १०-१ असं हरवलं. परक्या मुलखाच्या गारठ्यात आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. दहा गोल! आमच्या गल्लीत एका गोलवरून पोराचं जगणं नकोसं झालं होतं. मग त्या खेळाडूंवर मायदेशी काय वेळ आली असेल, याची कल्पना करा.

त्या पराभवानंतर बूट घालून खेळणं सक्तीचं झालं. चूक कुठं होती ते शोधून ती दुरुस्त झाली. चार वर्षांनी मेलबर्नच्या ऑलिम्पिकमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझांचे, मूळचे गोव्याचे आणि मुंबईत खेळलेले. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया आला. पहिला गोल भारतानं केला, शेवटी सामना ४-१ असा हरला. हरला खरा, पण दहाचे चार झाले होते. त्या वेळी मिळालेला चौथा क्रमांक ही ऑलिम्पिक फुटबॉलमधली भारताची आजवरची सर्वांत मोठी मजल.

आणि मग १९६२ सालची जकार्ताची आशियाई स्पर्धा. तिथं पहिलाच सामना भारत दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. पुढं थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंगांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. दुसऱ्या कुणी त्यांना घरी पाठवलं असतं. रहीमसाहेबांनी पुढं त्यांना बचावातून काढून आक्रमणाच्या फळीत उभं केलं. मैदानावरची प्रेक्षकांची मोठी गर्दी भारताच्या विरोधात ओरडत होती. संघात बंगालचे चुनी गोस्वामी कर्णधार, पंजाबचे जर्नेल सिंग, गोव्याचे फोर्तुनातो फ्रँको, हैदराबादचे युसूफ खान. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात तोच दक्षिण कोरिया समोर होता. पी. के. बॅनर्जींनी एक गोल केला, दुसरा डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेल सिंगांनी. भारत २-१ असा जिंकला. आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर भारताला आजपर्यंत मिळालेलं नाही.

रहीमसाहेबांना तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग जडला होता. ११ जून १९६३ रोजी त्यांचं निधन झालं. ज्या माणसाजवळ इतका थोडा वेळ उरला होता, त्यानं पहिल्या पराभवानंतर संघ मोडू दिला नाही आणि जखमी खेळाडूवरचा भरवसा सोडला नाही. आणि आम्ही? आमच्याजवळ वेळच वेळ होता, तरी एका सुटलेल्या चेंडूवर पोराला घालवून दिलं.

त्याच आठवड्यात जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी उहुदचा प्रसंग सांगितला. आम्ही तो लहानपणापासून ऐकत आलोय. टेकडीवर नेमलेल्या तिरंदाजांपैकी बहुतेकांनी आज्ञा मोडून जागा सोडली, हातात आलेली बाजी पालटली, खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) जखमी झाले. इतकं होऊनही त्यांनी त्या साथींना दूर लोटलं नाही. उहुदनंतर उतरलेल्या आयतींत अल्लाहनं त्यांच्या याच नरमाईचा उल्लेख केला आहे आणि चुकलेल्यांना माफ करावं, त्यांच्यासाठी दुआ मागावी, कामात त्यांचा सल्ला घ्यावा असं सांगितलं आहे. ज्यांच्यामुळं नुकसान झालं, त्यांचाच सल्ला घ्यायचा! हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं आणि मैदानावर जाताना चपलांबरोबर बाहेर ठेवून गेलो.

नमाजेनंतर कपाटातले हातमोजे घेतले आणि त्या पोराच्या घरी गेलो. त्याचे अब्बा फौंड्रीत कामाला आहेत, नुकतेच रात्रपाळी करून झोपले होते. तरी उठले, “या भाई, बसा” म्हणाले. त्या माणसानं आम्हाला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि बोल लावला असता तर बरं वाटलं असतं. पोरगा आतल्या खोलीच्या दाराशी उभा राहिला.

आम्ही त्याला म्हणालो, “बाळ, त्या दिवशी चेंडू तुझ्या हातून सुटला आणि जीभ आमच्या हातून सुटली. तुझी चूक खेळातली होती, आमची खेळातली नव्हती. आम्हाला माफ कर.”

तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, “चाचा, परत बॉल सुटला तर?”

“तर दुसऱ्या दिवशी सरावाला यायचं. आम्हीही येऊ.”

तो लगेच आला नाही. हातमोजेही घेतले नाहीत. शब्द सगळ्यांसमोर बोललो होतो, तर माफीही सगळ्यांसमोर मागायला हवी, हे आम्हाला घरी परतताना सुचलं. रविवारी सरावाआधी सगळ्या पोरांना एकत्र बसवलं आणि झालं ते सांगितलं. अंतिम सामन्यात पोरं दमली असताना आम्ही एकही बदल केला नव्हता, बचावाची फळी उघडी पडली होती, ही आमचीच चूक होती, हेही सांगितलं. पोरं गप्प होती. ज्यानं व्हिडिओ फिरवला होता, तो मान खाली घालून बसला होता. त्याचं नाव आम्ही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात तीच तीन-चार पोरं गोलकीपरच्या घरी जाऊन त्याला घेऊन आली.

तो दहावी पास झाला. पुढच्या मोसमात तोच गोलमध्ये उभा होता. आम्ही दुसऱ्या फेरीतच हरलो, आणि तेव्हाही गोल त्याच्याच बाजूनं झाला. या वेळी आम्ही त्याच्याबरोबर चालत त्याच्या घरापर्यंत गेलो.

आता आमच्या संघात दोन नियम आहेत. हरलेल्या दिवशी कुणी सामन्याबद्दल बोलायचं नाही, पाणी प्यायचं, नमाज पढायची, घरी जायचं. आणि मोहल्ल्यात कुणी विचारलं, कुणामुळं हरलात, तर उत्तर मॅनेजरनं द्यायचं, आणि त्या उत्तरात स्वतःचंच नाव घ्यायचं.

तो पोरगा आता अठरा-एकोणीस वर्षांचा आहे, आयटीआय करतो. असरनंतर वेळ मिळाला की मैदानावर येतो आणि लहान पोरांना गोलमध्ये कसं वाकायचं ते शिकवतो. दोन्ही गुडघे जवळ, मग हात. परवा एका बारक्याच्या पायातून चेंडू गेला, तेव्हा त्यानं काही न बोलता चेंडू उचलला आणि पुन्हा त्याच्याच दिशेनं हळू सरकवला.