शिकागोचा कडेचा गडी

शिकागो शहराचें नांव आपल्याकडील सुशिक्षित घरांतून १८९३ च्या सर्वधर्मपरिषदेमुळें परिचित आहे. ती परिषद ज्या इमारतींत भरली, तेथें आज चित्रशिल्पांचें संग्रहालय आहे. तेथून मिशिगन सरोवर डावीकडे ठेवून दक्षिणेस सुमारें अर्धा तास चालत गेलें, कीं ग्रीक धर्तीच्या उंच खांबांच्या रांगा दिसूं लागतात. हेंच सोल्जर फील्ड. १९२४ सालीं खुल्या झालेल्या या क्रीडांगणास पुढें सैनिकांच्या स्मरणार्थ हें नांव मिळालें. २००३ सालीं जुन्या खांबांच्या आंत कांच-पोलादाचें नवें प्रेक्षागार उभारण्यांत आलें. आजोबांच्या वाड्यांत नातवानें बंगला बांधावा, तसें तें दिसतें!

१९७१ पासून शिकागो बेअर्स हा फुटबॉलसंघ येथें खेळतो. हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. येथें चेंडू लांबट असून तो हातांत घेऊन धांवतात किंवा फेंकतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें, हा खेळाचा गाभा. अकरा गड्यांपैकीं फळीच्या टोकाशीं उभा राहणारा ‘टाइट एंड’ दोन कामें करतो : कधीं अंगाबळानें प्रतिपक्षास अडवावयाचें, तर कधीं निसटून पुढें जाऊन चेंडू झेलावयाचा. तो काय करणार, हें शत्रूस आधीं कळत नाहीं, यांतच त्याचें महत्त्व.

या जागेचा मान शिकागोनेंच वाढविला. १९६१ सालीं माइक डिटका या नवख्या गड्यानें एका हंगामांत ५६ चेंडू झेलून १,०७६ यार्ड मिळविले; नुसतें अडविणाऱ्यानें एवढें झेलावें, हें त्या काळीं नवल होतें. १९८८ सालीं राष्ट्रीय सन्मानमंदिरांत प्रवेश मिळविणारा या जागेवरचा पहिला गडी तोच.

म्हणूनच २०२५ सालीं येथें एक वाद रंगला. आदल्या हंगामांत संघानें १७ पैकीं १२ सामने गमावले होते, आणि चेंडू फेंकणारा तरुण नायक केलेब विल्यम्स ६८ वेळां भुईवर लोळविला गेला होता. डेट्रॉइटहून बेन जॉन्सन हा नवा मार्गदर्शक आला. त्यानें फळीच्या मध्यभागीं तीन नवे गडी आणविले, तें सर्वांस पटलें. परंतु महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडींत दहावा हक्क त्यानें कोल्स्टन लव्हलँड या टाइट एंडवर खर्चिला, तेव्हां पुष्कळांच्या भुंवया चढल्या. कारण त्या जागीं कोल केमेट होताच. शिकागोच्या परिसरांत वाढलेल्या या गड्यानें २०२३ सालीं ७३ चेंडू झेलले होते. मग त्याच्यांत उणें काय होतें?

उणें कांहींच नव्हतें. घरांत धाकटी सून आली म्हणून थोरलीचा हात बिघडला, असें कोणी म्हणत नाहीं. कामाची वांटणी मात्र बदलते. डेट्रॉइटमध्यें जॉन्सननें सॅम लापोर्टाकडून याच जागेवर मोठें काम करून घेतलें होतें. अशा दोन गड्यांस एकदम उभें केलें, तर पुढें धांव आहे कीं फेंक, हें ओळखणें प्रतिपक्षास दुप्पट कठीण होतें. तेव्हां अधिक चांगला गडी हवा होता कीं नाहीं, हा प्रश्नच अपुरा होता. नव्या पद्धतीस दुसरा गडी हवा होता.

२०२५ च्या नोव्हेंबरांत सिनसिनाटी येथें अवघे सतरा सेकंद उरले असतां लव्हलँडनें ५८ यार्डांची झेप साधून सामना जिंकून दिला. संघानें त्या हंगामांत ११ सामने जिंकून आपला गट जिंकला. केमेटच्या वांट्यास चेंडू कमी आले. परंतु अडविण्याचें काम तो निमूटपणें करीत राहिला. धांवफलकावर अडविणाऱ्याचें नांव लागत नाहीं. सोल्जर फील्डचे जुने खांबही नव्या प्रेक्षागाराचा भार वाहत नाहींत. परंतु त्यांच्यावांचून तें स्थळ कोणी ओळखणार नाहीं.