रॅमच्या जागी सुपारी

कुठली मेमरी जिंकणार, या विषयावर आमच्या ऑफिसात चहाचे दोन कप सहज संपतात. पोरं लगेच स्पीडचे आकडे काढतात. मी म्हणतो, ती बनवणाऱ्या कारखान्यांना त्यात काय मिळणार ते आधी विचारा.

आता आरडीरॅमचंच बघा. (नव्या मंडळींनी नावही ऐकलं नसेल!) रॅम्बस कंपनीचं हे डिझाइन कागदावर झकास होतं. पीसी१३३ एसडीरॅम सेकंदाला जेमतेम १ जीबी डेटा द्यायची, आरडीरॅमचा एकच चॅनल १.६ जीबी. नोव्हेंबर २००० मध्ये पेन्टियम ४ आला तो फक्त हिच्यासोबत. पण ती इतकी महाग, की इंटेलला प्रोसेसरच्या खोक्यात रॅम घालून द्यावी लागली. आणि गंमत म्हणजे रिकामा स्लॉट रिकामा ठेवून चालत नसे. सिग्नल पुढे जायला त्यात एक नुसती पट्टी खोचायची. पूजेला बायको नसली तर तिच्या जागी सुपारी ठेवतात ना, अगदी तसं :)

डीडीआर काही फार थोर नव्हती. एसडीरॅमचीच धाकटी बहीण, क्लॉकच्या चढत्या आणि उतरत्या दोन्ही कडांना डेटा देणारी. पण ती सगळेच बनवत होते. २००२ च्या सुरुवातीपर्यंत इंटेलनेही पेन्टियम ४ साठी डीडीआर स्वीकारली. मेमरी कंपन्यांनी आपल्याविरुद्ध कट केला असं रॅम्बसचं म्हणणं होतं, ते २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने मानलं नाही. मात्र त्याच काळात संगनमताने भाव ठरवल्याबद्दल सॅमसंगने २००५ मध्ये अमेरिकेत ३० कोटी डॉलर दंड कबूल केला होता. कुणीच धुतल्या तांदळाचं नाही. असो.

थ्रीडी एक्सपॉइंटचंही तेच. २०१५ मध्ये घोषणा झाली, वीज गेली तरी डेटा शाबूत, नँडच्या हजारपट वेगाचा दावा. फार देखणी चीज होती हो ती! पण खप नाही म्हणून स्वस्त नाही, आणि स्वस्त नाही म्हणून खप नाही. २०२२ मध्ये इंटेलने दुकान आवरलं, ५५.९ कोटी डॉलरचा माल तोट्यात टाकून.

इथवर मी वादात पुढे असतो. मग कुणीतरी एचबीएम काढतं. चिपांची चळत, महागडी, आणि तरी एआयवाले रांग लावून घेतात. तेवढ्याच जीबीसाठी डीडीआर५ च्या सुमारे तिप्पट वेफर लागतो. परिणाम? २०२५ च्या अखेरीस आपली साधी रॅमच महागली, आणि डिसेंबरात मायक्रॉनने क्रूशियल हा किरकोळ ग्राहकांचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारखान्याला आता आपल्यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक मिळालंय.

भाचीला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घ्यायचाय. "मामा, आत्ता ८ जीबीचा घेते, रॅम स्वस्त झाली की वाढवू." आमच्या पिढीचा हाच तर मंत्र होता. पण तिने पसंत केलेल्या सडपातळ मॉडेलची रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली. म्हटलं, बाई गं, स्क्रीन साधी घे, पण १६ घे. बजेट वाढतंय, आणि ते ताईला मला सांगायचंय.